मुंबई ते लंडन : अंतर आणि काळ

मुंबई आणि लंडन यांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. हा आकडा भूगोलाचा. रंगो बापूजींच्या काळी तो जेवढा होता तेवढाच आजही आहे. बदलला तो हे अंतर ओलांडायला लागणारा काळ. हा काळ यंत्रांइतकाच सत्तेनेही ठरतो, असे आम्हांला वाटते.

१८३९ साली इंग्रजांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना पदच्युत केले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तेथे झगडत राहिले. त्याआधी, मार्च १८३० मध्ये, मुंबईच्या गोदीत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट मुंबईहून निघून महिनाभरात सुएझला पोचली होती. आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या शिडाच्या जहाजांना इंग्लंड गाठायला कित्येक महिने लागत. पुढे सुएझमार्गे टपाल महिना-दीड महिन्यात जाऊ लागले, तरी पत्राला उत्तर येईतो दोन-तीन महिने सरत. १८४७ मध्ये महाराज काशीत निवर्तले, १८४८ मध्ये राज्य खालसा झाले. वकील लंडनमध्येच होता. या विलंबाची झळ दोन्ही पक्षांना सारखी नव्हती. हुकूम येथे अमलात येत, दाद मात्र तेथे मागावी लागे. ज्याला थांबणे परवडते, त्याच्या बाजूने अंतर उभे राहते.

१८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि १८७० मध्ये मुंबई समुद्राखालील तारेने लंडनशी जोडली गेली. बातमी काही तासांत पोचू लागली. माणसाला मात्र तीन-चार आठवडे लागतच राहिले. या फटीत मराठी प्रवासवर्णनाला जागा मिळाली. पंडिता रमाबाईंचे 'इंग्लंडचा प्रवास' (१८८३) हे पत्ररूपच आहे. तारेत न मावणारे सारे पत्रात आले.

विमानाने ही फट मिटवत आणली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला विमान उतरवले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' ३५ प्रवाशांसह मुंबईहून निघाले आणि कैरो व जिनिव्हा येथे थांबत १० जूनला लंडनला पोचले. १९६० मध्ये बोइंग ७०७ आले. आज थेट विमानाला साधारण नऊ-दहा तास लागतात.

पण काळाचा हा आकडा कायमचा नव्हे. १९६७ ते १९७५ सुएझ बंद राहिला आणि जहाजे पुन्हा आफ्रिकेला वळसा घालू लागली. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानचे आकाश काही महिने मिटले. एप्रिल २०२५ मध्ये ते भारतीय विमान कंपन्यांना पुन्हा बंद झाले आणि विमाने फेऱ्याच्या वाटेने जाऊ लागली. जुनी पत्रे वा प्रवासवर्णने वाचताना म्हणूनच मैलांपेक्षा दिवस मोजावेत, आणि ते दिवस कोणाच्या वाट्याला आले हेही विचारावे.