धूर कुठे मोजायचा? कात्रज, ठाकुर्ली, मुळशी

'कात्रजचा घाट दाखवणे' म्हणजे फसवणे, हे पुण्याबाहेरच्यांनाही माहीत असतं. १६६३ साली लाल महालावर छापा घालून शिवाजी महाराज निघाले, तेव्हा कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पोत बांधून पेटवले आणि मोगल फौज त्या उजेडामागे धावली, अशी कथा सांगतात. कथा किती खरी हा वेगळा वाद. मला तिच्यातलं एवढंच हवंय: उजेड एकीकडे, माणसं दुसरीकडे.

आता संध्याकाळी कात्रज चौकात उभे राहा. पीएमपीची ई-बस जाते, मागे धूर नाही. पुण्यात या बस २०१९ पासून धावताहेत. इलेक्ट्रिक गाडीने खरंच पैसे वाचतात का, हवा सुधारते का, हा विषय संशोधनाला घ्यायचा विचार असेल तर गणिताला बसण्याआधी जरा शंभर वर्षं मागे चला.

१९२९ च्या सुमारास जीआयपी रेल्वेने कल्याण-पुणे मार्गाचं विद्युतीकरण पूर्ण केलं. १ जून १९३० ला दख्खनची राणी सुरू झाली. बोरघाटातल्या बोगद्यांमध्ये वाफेच्या इंजिनाचा धूर डब्यात भरायचा, कपडे काळे व्हायचे, ते थांबलं. पण रेल्वेला वीज कुठून मिळत होती? मुख्यतः ठाकुर्लीच्या वीजघरातून, आणि तिथे कोळसाच जळत होता. म्हणजे धुराने पत्ता बदलला. मग हा कात्रजचा घाट झाला का? माझ्या मते नाही. वाफेचं इंजिन कोळशातल्या उष्णतेचा दहावा हिस्साही चाकापर्यंत पोचवत नसे. मोठं वीजघर तेव्हाही याहून बरंच काटकसरी होतं. तितकीच गाडी ओढायला कोळसा कमी लागला.

तुमचं आजचं गणितही याच जातीचं आहे. समजा, कार १०० किलोमीटरला १५ युनिट खाते. आपल्या देशात एका सरासरी युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे साडेदहा किलो. लिटरला १६ किलोमीटर देणारी पेट्रोल कार तेवढ्याच अंतराला सव्वासहा लिटर जाळते आणि लिटरमागे २.३ किलो धरले तर साडेचौदाच्या आसपास सोडते. फरक आहे, पण जाहिरातीतल्या 'शून्य' इतका नाही. शिवाय बॅटरी बनवताना जो कार्बन आधीच गेला, तो फिटायला हजारो किलोमीटर जातात. (पेट्रोल शुद्ध करून पंपावर आणण्याचा खर्च आणि वीजवाहिन्यांमधली गळती मी दोन्हीकडून सोडलीय. तुम्ही सोडू नका, परीक्षक पहिलं तेच विचारतील.) कात्रजच्या चौकातली हवा मात्र सुधारते. कोराडी-चंद्रपूरच्या हवेचं काय, ते तिथे जाऊन मोजावं लागतं.

पैशांचंही तसंच. इलेक्ट्रिक गाडी समजा चार लाखांनी महाग आहे आणि १०० किलोमीटरमागे साडेचारशे रुपये वाचतात. चार लाख फिटायला जवळपास ८९ हजार किलोमीटर लागतील. रोज १०० किलोमीटर फिरणारा टॅक्सीवाला अडीच वर्षांत तिथे पोचतो. कात्रजहून स्वारगेटला ऑफिसला जाऊन येणाऱ्याची आधी बॅटरी म्हातारी होईल. त्यामुळे 'पैसे वाचतात का' हा प्रश्न अर्धाच आहे. कोणाचे, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

कोळसा नकोच, पाण्यापासून वीज घ्या, असं म्हणाल तर मुळशीला यावं लागेल. टाटांच्या जलविद्युत योजनांच्या बाजूने तेव्हाही हेच बोललं जायचं: मुंबईच्या गिरण्यांचा कोळसा वाचेल, धूर कमी होईल. ते खोटं नव्हतं. पण धरणाखाली मावळातली भाताची खाचरं जाणार होती. १९२१ साली रामनवमीला मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले, आणि १९२४ पर्यंत लढा संपला. १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. राजेंद्र व्होरांचं या लढ्यावरचं पुस्तक जरूर वाचा. जमिनींचे पुण्यातले सावकार मालक आणि तिथे राबणारे मावळे यांचे हितसंबंध एक नव्हते, हे त्यातून लख्ख दिसतं. सावकाराला मोबदला चालणार होता. कुळाला तेवढ्या पैशात दुसरं शेत मिळणार नव्हतं.

माझा स्वतःचा प्रबंध इथेच अडलाय. गिरणीला पडलेल्या विजेच्या दरात ती बुडालेली खाचरं कुठल्या रकान्यात धरायची, यावर माझं आणि मार्गदर्शकांचं अजून जमलेलं नाही. ते म्हणतात, परिशिष्टात टाक. मी म्हणतो, पहिल्याच तक्त्यात. सोमवारी पुन्हा बसायचंय.