फसली सन (बीड जिल्हा)

फसली सन : निजामाच्या हैदराबाद संस्थानात महसूल, न्यायनिवाडे व कायदे यांसाठी चालू असलेली सौर कालगणना. बीड जिल्हा १९४८ पर्यंत या संस्थानात होता. त्यामुळे तिथल्या जमिनीच्या जुन्या नोंदी, खरेदीखते आणि हुकूम यांवर बहुधा याच सनाची तारीख सापडते. कागद अंबाजोगाईकडचा असेल तर गावाचे नावही मोमिनाबाद असे असते.

फसल म्हणजे पीक. हिजरी वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचे. ते दरसाल अकरा दिवस मागे सरकते, त्यामुळे सारावसुलीचा हंगाम आणि सरकारी वर्ष यांचा मेळ बसत नाही. दख्खनेत शाहजहानच्या काळी, १६३६ मध्ये, हिजरी १०४६ हाच आकडा धरून पुढे सौर वर्षे मोजायचे ठरले. १६३६ मधून १०४६ वजा केले की ५९० उरतात. फसलीची ईसवी काढण्याची किल्ली हीच.

वर्षारंभ पूर्वी मृगाला होत असे. पुढे हैदराबादच्या कारभारात तो ६ ऑक्टोबरला आला आणि महिन्यांना इराणी नावे मिळाली : आझूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दीबिहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवार, मेहेर, आबान. इराणात आझर हा नववा महिना. हैदराबादने त्याला पहिल्या पाटावर बसवले. आझूर आणि दै या महिन्यांतल्या तारखेसाठी फसली सनात ५९० मिळवावेत, इस्फंदारपासून पुढे ५९१. बहमनच्या अखेरीस जानेवारी उजाडतो, म्हणून तिथे दिवसही पाहावा लागतो. हैदराबादचा जमीन महसूल कायदा १३१७ फसलीचा; म्हणजे १९०७-०८ चा. मद्रासकडचा फसली १ जुलैला सुरू होतो. तिकडची कोष्टके बीडच्या कागदांना लावू नयेत.

लिहिण्याची पद्धत सरळ आहे : आधी दिवस, मग महिना, मग सन. उर्दू कागदात सनापुढे ‘फे’ हे अक्षर असले तर फसली, ‘दो-चश्मी हे’ असले तर हिजरी, ‘ऐन’ असले तर ईसवी. मराठीत नुसते ‘फ.’ लिहितात. शाई उडालेल्या कागदावर हे एक अक्षर गेले की वाचणारा फसतो, कारण विसाव्या शतकाच्या मध्यालाही हिजरी आणि फसली या आकड्यांत दहाचाच फरक होता. १७ सप्टेंबर १९४८, मराठवाडा मुक्त झाला तो दिवस, शके १८७० ची भाद्रपद शुद्ध चतुर्दशी होता. त्या दिवशी फसली सन १३५७ चा शेवटचा महिना आबान चालू होता आणि हिजरी सन होता १३६७. यातला १३५७ हिजरी म्हणून वाचला तर कागद १९३८-३९ चा ठरतो. दहा वर्षांची ही चूक वारसाच्या किंवा कुळाच्या दाव्यात महागात पडते.

पेशवाईतले मराठी कागद निराळे. त्यांत शुहूर सन चाले आणि त्याचे आकडे अरबी शब्दांत, एककापासून हजाराकडे असे उलटे म्हणत. महिना मुसलमानी असला तर तारखेआधी ‘छ’ घालीत. तो ‘चंद्र’ शब्दाचा संक्षेप. गेवराई तालुक्यात गोदाकाठी राक्षसभुवन आहे. तिथे १० ऑगस्ट १७६३ ला माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. तो दिवस मराठी पंचांगाने श्रावण शुद्ध प्रतिपदा, शके १६८५. शुहूर सन ११६४ चालू होता, तो वाचायचा ‘अर्बा सितैन मया व अलफ’ : चार, साठ, शंभर आणि हजार. फसली सन त्याच्यापुढे नऊ, म्हणजे ११७३. रणांगणावरच्या दोन्ही छावण्यांतून निघालेल्या पत्रांवर एकाच दिवसाच्या वेगवेगळ्या तारखा पडत. त्यांत विसंगती शोधणारा अभ्यासक उगाच शिणतो.

घरातल्या बोलण्यात मात्र फसली फारसा शिरला नाही. लग्नमुंज तिथीवर, पेरणी नक्षत्रावर. जन्मसाल विचारले तर म्हातारी माणसे ‘रझाकाराच्या वेळी’ किंवा ‘बहात्तरच्या दुष्काळात’ असेच सांगत. या बोली खुणा ढोबळ असल्या तरी विश्वासार्ह आहेत. शाळेच्या दाखल्यावर अंदाजाने घातलेल्या १ जूनपेक्षा तर नक्कीच.

संस्थान गेले तरी सन लगेच गेला नाही. जहागिरी नष्ट करणारा विनियम १५ ऑगस्ट १९४९ चा, पण त्याच्या नावात साल आहे १३५८ फ. १९५० च्या कुळकायद्याच्या नावात मात्र ईसवी सन आहे. आता महाराष्ट्रात महसुली वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै असे धरतात.

२०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, आणि उर्दू व मोडी वाचणाऱ्यांची गरज मराठवाड्यात एकदम वाढली. अशी नोंद उतरवून घेताना मूळ सन, महिना आणि त्यापुढचे अक्षर जसेच्या तसे लिहावे. ईसवी तारीख त्याखाली वेगळ्या ओळीत द्यावी, मूळ आकडा खोडून तिथे घालू नये.