भोजराजाचे दारुविमान

भोपाळपासून सुमारे ३० किलोमीटरांवर, वेत्रवतीच्या काठी, भोजपूरचे शिवालय अपुऱ्या अवस्थेत उभे आहे. परंपरेने ते परमार भोजराजाचे, म्हणजे अकराव्या शतकातील मानले जाते. त्याचे शिखर मूळ कर्त्यांच्या हातून कधीच पुरे झाले नाही. तथापि त्यांच्या मनात काय होते हे आजही कळते. कारण भोवतालच्या खडकांवर मंडपाचे, स्तंभांचे व शिखराचे आराखडे कोरून ठेविलेले आहेत, आणि शिळा वर चढविण्याचा मातीचा उतारही मंदिरामागे शिल्लक आहे.

याच भोजाच्या नावावर ‘समरांगणसूत्रधार’ हा वास्तुग्रंथ आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत टी. गणपतिशास्त्री यांनी तो १९२४-२५ साली संपादून प्रसिद्ध केला. त्याच्या ३१ व्या अध्यायात हलक्या लाकडाच्या महापक्ष्याचे वर्णन येते: पोटात पारा, त्याखाली अग्नी, दोन्ही बाजूंस पंख, आणि आत बसलेला पुरुष आकाशात दूर जातो. तेथेच, सिंहनाद करून शत्रूचे मत्त हत्ती उधळून लावणारे पारदयंत्रही सांगितले आहे. म्हणजे युद्धोपयोगाची कल्पना येथेही आहेच. परंतु मापे, वजने, जोडणी यांविषयी ग्रंथकार मौन धरतो. आणि हे मौन अज्ञानामुळे नव्हे, गुप्ततेसाठी, असे स्वतःच सांगतो.

या मौनाची किंमत काय, हे दुसऱ्या महायुद्धातील एका विमानावरून ध्यानात येईल. जर्मनीतील होर्टेन बंधूंचे शेपटीविरहित जेट विमान २ फेब्रुवारी १९४५ रोजी उडाले आणि त्याच महिन्याच्या १८ तारखेस कोसळून वैमानिक मृत्युमुखी पडला. पुढचा नमुना अपुराच अमेरिकनांच्या हाती लागला. आज संगणकावरील उड्डाण-सदृशकात हौशी मंडळी असली विमाने पुन्हा ‘उडवितात’. पंखांचा विस्तार, वजन, गुरुत्वमध्य, इंजिनाचा जोर हे आकडे दिले की यंत्र क्षणोक्षणी उत्थापन व अवरोध यांचे गणित मांडते. विमान गेले तरी आकडे राहिले, म्हणून हे शक्य होते.

भोजाच्या पक्ष्याबाबत यंत्रास द्यावयास एकही आकडा नाही. शिवाय पारा पाण्याच्या साडेतेरापट जड. तो उकळण्यास ३५७ अंश सेल्सिअस उष्णता लागते, आणि त्याची वाफ विषारी असते. त्या पोकळीत आपण कल्पनेने जे भरू ते आपले असेल, भोजाचे नव्हे. ‘वैमानिकशास्त्र’ या ग्रंथाबाबत हेच दिसून आले. १९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी तो तपासला. ग्रंथ विसाव्या शतकातील असून त्यातील विमाने उडू शकणारी नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

म्हणून पूर्वजांचा गौरव कोणत्या पायावर उभारावा, हा प्रश्न आपणासमोर आहे. मुलांना भोजाचे विमान उडाले असे सांगितले, तर पहिल्याच प्रश्नाला ती गोष्ट ढासळेल, आणि तिच्याबरोबर खऱ्या गोष्टींवरील विश्वासही ढळेल. दारुविमान ही एका प्रतिभावान काळाची कल्पना म्हणून जरूर वाचावी. परंतु अभिमानाने बोट दाखवावयाचे असेल तर ते भोजपूरच्या खडकांकडे दाखवावे. ज्यांनी आपला आराखडा उघड्या दगडावर कोरला, त्यांचे अपुरे काम नऊशेहून अधिक वर्षांनीही तपासता येते.