फुरशाची किंमत

सन १८६२ च्या डिसेंबरात रत्नागिरी जिल्ह्यात सरकारने मेलेल्या सापांवर बक्षीस लावले, तेव्हा आठ दिवसांत १,१५,९२१ फुरशी मारून आणली गेली, अशी त्या काळची नोंद आहे. इतका संहार होऊनही कोकणच्या कातळावरून फुरसे नाहीसे झाले नाही. ते आजही तिथे आहे. सरकारी कागदाने सापांचा हिशेब चोख ठेवला. पण दगड उलथून ते लाखभर साप उचलणारे हात कोणाचे, त्यांतल्या कितीजणांना पान लागले, हा हिशेब कोणी मांडला? चार पैशांसाठी जो असला धंदा पत्करतो तो सावकाराचा मुलगा नसतो, एवढे आम्ही अनुभवाने सांगू शकतो.

मजुरांच्या संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसांनी सापांच्या रक्षणावर का बोलावे, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात येईल. उत्तर आष्टीच्या शिवारातच आहे. घोणसेला आपल्याकडे परड म्हणतात. धुऱ्यावरच्या गवतात, पऱ्हाटीच्या ढिगाखाली, संत्र्याच्या बागेतल्या पालापाचोळ्यात ती पडून असते आणि सहसा हलत नाही. तिच्यावर पाय पडतो तो निंदणाऱ्या बाईचा, रात्री पाणी फिरवणाऱ्या गड्याचा. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाप्रमाणे २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली. म्हणजे वर्षाला अठ्ठावन्न हजार. त्यांतली बहुतेक खेड्यांतली होती. एखाद्या गिरणीत असे घडते तर देशभर हरताळ पडला असता.

मग अशा प्राण्याला राखायचे कशाला? मारून टाकावे, हे रत्नागिरीचे शहाणपण झाले. त्याला उत्तर मिळाले ते प्रयोगशाळेतून. १८९० नंतरच्या दशकात काल्मेत या फ्रेंच डॉक्टराने नागाच्या विषावर प्रतिविष तयार केले, आणि ते साऱ्याच सापांवर चालेल अशी त्याची समजूत होती. ब्राझील देशातल्या व्हितल ब्राझील या डॉक्टराने दाखवून दिले की तसे होत नाही. ज्या जातीचा दंश, त्याच जातीच्या विषापासून केलेले औषध हवे. आपल्या जुन्या वैद्यकानेही फणा काढणारे दर्वीकर आणि अंगावर चकंदळे असणारे मंडली असा भेद केला होताच. घोणस, फुरसे, सह्याद्रीच्या ओल्या रानातला चापडा हे सारे या दुसऱ्या कुळातले.

औषधासाठी विष लागते आणि विषासाठी जिवंत साप. परळला १८९९ साली सुरू झालेल्या आणि १९२५ पासून हाफकिनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत हेच काम पुढे चालले, डॉ. पु. ज. देवरस यांनी तिथेच सापांचा अभ्यास केला. ज्या कोकणात मेलेल्या फुरशाला दाम होता, त्याच कोकणातून आता जिवंत फुरसे मागवले जाऊ लागले.

आम्हांला विशेष सांगायचे आहे ते तामिळनाडूतल्या इरुळा लोकांविषयी. साप पकडण्यात या जमातीचा हात धरणारा कोणी नाही. पूर्वी ते सापांची कातडी व्यापाऱ्यांना विकत. फायदा अर्थातच व्यापाऱ्याचा. १९७२ चा वन्यजीव कायदा आला, कातड्यांचा धंदा बुडाला आणि इरुळांची चूल विझायची वेळ आली. साप वाचवायचा म्हणून माणूस उपाशी ठेवायचा, हा न्याय आमच्या गळी कधीच उतरणार नाही. रोम्युलस व्हिटेकर या सर्पतज्ज्ञाला तो पटला नाही. त्यांच्या सहकार्याने १९७८ मध्ये इरुळांची सहकारी संस्था उभी राहिली. साप पकडायचा, काही आठवडे मडक्यात ठेवून ठराविक वेळा विष काढायचे, पोटाच्या खवल्यांवर खूण करायची आणि रानात सोडून द्यायचा. खूण असलेला साप पुन्हा हाती लागला तर त्याला त्रास देत नाहीत. देशातल्या औषध कारखान्यांना लागणाऱ्या विषाचा मोठा वाटा ही संस्था पुरवते.

दूरदेशीचे शास्त्रज्ञही या कुळासाठी एकत्र आले आहेत. आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या छत्राखाली केवळ मंडली सापांचा विचार करणारा तज्ज्ञांचा गट आहे. कोणत्या जातीला आधी हात द्यावा याची मांडणी निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासकांनी मिळून २०१६ मध्ये केली. हंगेरीत कुरणे नांगरली गेल्याने तिथला लहानसा कुरणसर्प संपत आला, तेव्हा २००४ साली त्याच्या पैदाशीचे केंद्रच काढले. आपली परड त्या अवस्थेला पोचलेली नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

परंतु आपल्या दृष्टीने मोलाचे संशोधन निराळेच आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले डॉ. कार्तिक सुनगर आणि त्यांचे सहकारी यांनी २०२१ मध्ये दाखवले की घोणस जात एकच असली तरी प्रांताप्रांताला तिचे विष बदलते, आणि बाजारातले औषध काही ठिकाणी अपुरे पडते. याचा अर्थ सरळ आहे. तामिळनाडूच्या घोणसेच्या विषावर केलेली लस आपल्याकडच्या परडीला पुरेशी पडेलच असे धरून चालता येत नाही. इथल्या दंशावर उतारा हवा तर इथली परड जिवंत पाहिजे, ती कुठे आहे हे ठाऊक असलेला माणूस पाहिजे, आणि त्या माणसाला त्या जोखमीची मजुरी मिळाली पाहिजे. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाविषयी राष्ट्रीय योजना जाहीर केली. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. त्या योजनेत प्रांतोप्रांतीच्या विषाची आणि ते काढणाऱ्यांच्या रोजगाराची तजवीज कितपत होते, इकडे आमचे लक्ष राहील.

वडिवेल गोपाल आणि मासी सदाइयन या दोघा इरुळा सर्पमित्रांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. पुस्तकी शिक्षण नसलेली ही माणसे परदेशांतल्या शास्त्रज्ञांना साप पकडून दाखवायला गेली होती.