कातड्याएवढी जागा

आमच्या जव्हारची ओळख करून देताना पहिल्याच वाक्यात दुसऱ्या गावाचे नाव घ्यावे लागते. जव्हार म्हणजे 'मिनी महाबळेश्वर'. महाबळेश्वरकरांना या नात्याची कल्पना असेल असे वाटत नाही. मात्र आमची उंची सुमारे साडेचारशे मीटर, म्हणजे त्यांच्या जवळजवळ एक-तृतीयांश. तेव्हा 'मिनी' हा शब्द तरी गणिताच्या कसोटीला उतरतो. गावाला रेल्वे नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून नवा जिल्हा निघाला, तेव्हा मुख्यालय आमच्याकडे येईल अशी आशा होती. ते रुळांच्या बाजूने पालघरला राहिले.

परंतु या गावाने स्वतःचा शक चालविला होता, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. जयबा मुकणे यांचे पुत्र नेमशाह यांना दिल्लीच्या सुलतानाने 'शाह' हा किताब दिला, तो दिवस ५ जून १३४३. गॅझेटियर सांगते की संस्थानाच्या कागदपत्रांत कालगणना या दिवसापासून होत असे. महादेव कोळ्यांचे हे राज्य १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत टिकले. १६६४ साली सुरतेकडे जाताना शिवाजी महाराज येथून गेले. शिरपामाळ येथे विक्रमशाहांनी त्यांच्या मुकुटात तुरा खोवला अशी आख्यायिका आहे. महाराज पुढे सुरतेस गेले. आमच्याकडे येणारे बहुतेक जण पुढेच जातात.

या राज्याच्या जन्माची कथा अशी. जयबा काठेवाडात काही वर्षे काढून परतले आणि जव्हारच्या वारली नायकाकडे त्यांनी फक्त एका बैलाच्या कातड्याखाली मावेल एवढीच जागा मागितली. नायकाने आनंदाने होकार दिला. मग कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या गेल्या, त्या एकापुढे एक जोडल्या गेल्या, आणि नायकाची गढीच त्या वेढ्यात आली.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना येथे डिडो राणी आठवेल. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तिने हीच मागणी केली, अशाच वाद्या कापल्या आणि कार्थेज वसविले. व्हर्जिलच्या महाकाव्यात त्याचा उल्लेख आहे. मॉन्मथच्या जेफ्रीने इंग्लंडातील हेंगिस्टच्या नावावर हाच पराक्रम मांडला आहे. स्टिथ थॉम्प्सन यांच्या लोककथाघटकांच्या सूचीत या युक्तीला के १८५.१ असा क्रमांक आहे. पिनकोडाखेरीज आमच्या गावाला लाभलेला हा दुसरा क्रमांक! टोपणनाव महाबळेश्वराचे, जन्मकथा कार्थेजची. आमचे स्वतःचे म्हणावे असे काय उरते, हा प्रश्न मला बरीच वर्षे गमतीचा वाटत आला.

आता तो तितका गमतीचा वाटत नाही. ही कथा जिथे जिथे सांगितली जाते तिथे ती कातडे पसरणाऱ्याची असते. आफ्रिकेतल्या त्या राजाला निदान इआर्बस हे नाव आहे, हेंगिस्टने फसविलेल्या राजाला व्हॉर्टिगर्न. आमच्या वारली नायकाला, माझ्या वाचनात आलेल्या कथेत, नावच नाही. त्याला उत्तरेकडचा गंभीरगड देण्यात आला, एवढे सांगून कथा त्याला सोडून देते.

त्याचे जातभाई मात्र कुठे गेले नाहीत. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यापाड्यांत ते आहेत; भाताची कापणी उरकली की त्यांतील कित्येक कुटुंबे वीटभट्ट्यांकडे निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. १९९२ साली वावर-वांगणीत कुपोषणाने मुले दगावली, तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांत या तालुक्याचे नाव छापून आले. त्या वेळी कुणी आम्हांला मिनी काही म्हटले नाही.

शाळेत आम्हांला ही कातड्याची गोष्ट सांगितली गेली होती. जयबांच्या हुशारीवर वर्ग हसला, मीही हसलो. तेवढे एक कातडे कितीसे पुरले असेल, म्हणून आम्ही मधल्या सुट्टीत वहीच्या कागदाच्या पट्ट्या कापून मैदान मोजायलाही निघालो होतो. वर्गात निम्मी मुले वारल्यांची होती. ती हसली होती का, हे आठवण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे.