कांबीट, कायदा आणि काचकागद

यवतमाळचे नाव निघाले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कापूस येतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. परंतु याच जिल्ह्यात पांढरकवड्याहून झरी-जामणी, मारेगावच्या बाजूला निघाले म्हणजे पऱ्हाटीची शेते विरळ होत जातात आणि सागाचे व वेळूचे रान दिसू लागते. कोलामांची पोडे याच टापूत आहेत. कापसाचा इतिहास पुष्कळांनी लिहिला. वेळूचा, आणि त्यातही वेळूच्या धनुष्याचा इतिहास लिहावा असे फारसे कोणाच्या मनात आलेले दिसत नाही. मी काही इतिहासकार नव्हे. लाकूडकामाचा नाद असलेला मनुष्य आहे, आणि गेली काही वर्षे वेळूच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून धनुष्ये बनवीत आलो आहे. हा उद्योग करताना जो इतिहास हाताला लागला, तो येथे मांडावा एवढाच हेतू.

कापूस आणि वेळू यांची जोडी फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी ४८० मध्ये इराणचा बादशहा झर्क्सीस ग्रीसवर चालून गेला, तेव्हा त्याच्या सैन्यात हिंदी तिरंदाजांची एक तुकडी होती. हिरोडोटसने तिचे वर्णन करून ठेवले आहे. अंगात कापसाची वस्त्रे, हातात वेताच्या जातीची धनुष्ये, बाणही तसेच आणि त्यांना लोखंडाची टोके, असा त्यांचा थाट होता. ते लोक सिंधूकडचे. वऱ्हाडशी त्यांचा संबंध नाही. तरी कपाशीच्या मुलखात बसून वेळू तासणाऱ्याला हे वर्णन घरचेच वाटावे यात नवल नाही.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराचे प्रकरण आहे. त्यात धनुष्यांचे चार प्रकार सांगितले आहेत : ताडाचे, वेळूचे, लाकडाचे आणि शिंगाचे. शिंगाचे धनुष्य म्हणजे नुसते शिंग नव्हे. मधे लाकूड, पोटाकडून शिंग, पाठीकडून जनावराचे स्नायू आणि या सर्वांना धरून ठेवणारा सरस, अशी त्या जातीच्या धनुष्याची रचना असे. मोगल अमदानीत हेच धनुष्य सरदारांच्या हाती होते. ते आखूड, घोड्यावरून चालविण्यास सोयीचे आणि ताकदीचे होते. पण सरस पावसाळ्याच्या दमट हवेत ढिला पडतो. वेळूच्या धनुष्याला ही भीती नाही. म्हणून दरबारात शिंगाचे आणि रानात वेळूचे, अशी वाटणी होऊन गेली. जपानी लोकांनी तिसरा मार्ग काढला : मधे लाकूड व वेळूच्या पट्ट्या, आणि दोन्ही अंगांना वेळू. पट्ट्या चिकटवून धनुष्य करावयाची कल्पना विलायतेतून आली अशी आपली समजूत असते. ती निराधार आहे.

मराठीत तर या वस्तूची नावेच वेळूची आठवण देतात. कामठा, तिरकमठा हे शब्द अजून ऐकू येतात. 'कांबीट' हा जुना शब्द आता मागे पडला, पण त्याचे 'कांब' या शब्दाशी असलेले नाते उघड दिसते. कांब म्हणजे चिरलेली लांब पट्टी. मध्य हिंदुस्थानातील भिल्ल आणि गोंड यांच्या धनुष्याची दोरीही बहुधा वेळूच्या सालीचीच असे. म्हणजे एका वेळूत दांडा, दोरी आणि बाण, असा सगळा संसार. विकत घ्यावयाचे ते फक्त लोखंडी टोक.

असे हे स्वस्त, पावसाला न भिणारे आणि शेकडो वर्षे टिकलेले हत्यार नाहीसे कसे झाले? बंदुकीने, हे उत्तर सोपे आहे. पण गोंडा-कोलामाला बंदूक मिळाली कधी? माझ्या मते याचे उत्तर १८७८ या एका सालात पुष्कळसे सापडते. लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना त्या वर्षी दोन कायदे झाले. एक जंगलचा आणि दुसरा हत्यारांचा. हत्यारांच्या कायद्यात तोफा, बंदुका, तरवारी, भाले यांच्या यादीत धनुष्यबाणाचेही नाव स्पष्ट घातले होते. पुढे नियमांतून सवलती दिल्या गेल्या, हे खरे; पण दंड्याला वेळूची साल बांधून केलेली वस्तू तोफेच्या पंक्तीला बसली, ही गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. जंगलच्या कायद्याने राखीव रानातील झाड तोडणे हा गुन्हा ठरविला. पहिला कायदा धनुष्य हाती धरण्याविषयी होता, दुसरा ते ज्यातून करावयाचे त्या वेळूविषयी.

वऱ्हाड १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या ताब्यात आले होते, तरी कागदोपत्री ते निजामाचेच होते. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथे वेगळ्या हुकुमांनी लागू करावे लागत. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा 'वणी जिल्हा' म्हणून ओळखला जाई. यवतमाळ हे नाव त्याला १९०५ मध्ये मिळाले. कायदा कोणत्या वाटेने आला हा वकिलांचा प्रश्न आहे. रानात राहणाऱ्याला दिसला तो नाकेदार. १९२७ च्या जंगल कायद्यात 'झाड' या शब्दाची व्याख्या आहे आणि तिच्यात वेळूचा समावेश आहे. वनस्पतिशास्त्राप्रमाणे वेळू हे गवत. कायद्याने ते झाड झाले आणि झाड म्हणून त्याला पहारा बसला. पुढे १९३० मध्ये वणीला जन्मलेल्या लोकनायक बापूजी अण्यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला, तो राखीव रानातले गवत कापून. त्या विळ्याची कीर्ती सर्वत्र झाली. त्याच कायद्याखाली मुकाट्याने म्यान झालेल्या कोयत्यांची मात्र कोठे मोजदाद नाही.

आता धनुष्य बनविण्याच्या कामाकडे वळू. धनुष्य ही जोडण्याची वस्तू दिसते, पण खरी विद्या काढून टाकण्याची आहे. पट्टी किती वाकेल हे तिच्या रुंदीवर अवलंबून असते, पण जाडीवर त्याहून कितीतरी अधिक. रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो; जाडी दुप्पट केली तर तो आठपट होतो. दहा मिलिमीटरच्या जागी साडेदहा मिलिमीटर जाडी राहिली, तर चाळीस पौंडांनी ओढले जाणारे धनुष्य सेहेचाळीस पौंड मागू लागते. सुताराचा सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. धनुष्याच्या पट्टीत एवढी चूक म्हणजे वस्तू टाकून देण्याचीच वेळ. शिवाय जाडी मुठीपासून टोकाकडे हळूहळू कमी होत जावी लागते, आणि वरची व खालची बाजू जुळावी लागते.

हे काम कोयत्याने आणि चाकूने कसे होत असेल, या विचाराने मी एका पोडावर एका वृद्ध कोलामाकडे गेलो होतो. जाडी मोजण्याचा लोखंडी कैवार मी खिशातून काढला तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "भाऊ, जाडी काहून मोजता? वाकवून पाहा. तोच सांगते." त्यांनी चिरलेली कांब गुडघ्याला लावून वाकविली, जेथे ती अवघडली तेथे बोटाने खूण केली आणि चाकू आडवा धरून दोन-चार वेळा खरवडले. पुन्हा वाकविली. हिरवी पाठ त्यांनी एकदाही कापली नाही. सारे काम पोटाकडून. गाठीपाशी त्यांनी थोडे अधिक दळ राहू दिले. मी विचारले, "बाबा, इथे जाड का ठेवता?" तर उत्तर आले, "तिथं दोरा मोडते." दोरा म्हणजे वेळूचा उभा तंतू. गाठीपाशी तंतू सरळ राहत नाहीत, त्यांना वळण पडते, हे शास्त्राच्या पुस्तकात सापडते. वेळूचे बळकट तंतू सालीलगत दाट असतात आणि आत विरळ होत जातात, हेही सापडते. म्हाताऱ्याचा चाकू दोन्ही गोष्टी न वाचता पाळीत होता.

पण पट्ट्या चिकटवून धनुष्य करावयाचे तर नुसता चाकू पुरत नाही. दोन पृष्ठभाग सगळीकडे सारखे टेकले पाहिजेत. जेथे फट तेथे सांधा सुटतो. यासाठी जे यंत्र लागते त्याला ड्रम सँडर म्हणतात. धातूचा एक रूळ, त्यावर मळसूत्रासारखी गुंडाळलेली काचकागदाची पट्टी, आणि खालून माल पुढे नेणारा सरकता पट्टा किंवा साधे मेज. रूळ वेगाने फिरतो आणि त्याच्या खालून जाणारी पट्टी ठरलेल्या जाडीची होऊन बाहेर पडते. रंध्याने वेळूचे तंतू उचकटतात. हे यंत्र त्यांना घासून काढते.

विकत घेणाऱ्याचे लक्ष प्रथम यंत्राच्या रुंदीकडे जाते. धनुष्याच्या कामाला तिचा उपयोग थोडा, कारण आपली पट्टी दोन इंचांहून फारशी रुंद नसते. पाहावयाचा तो ताठपणा. ज्या यंत्राची एक बाजू उघडी असते त्याच्या रुळाला एकाच टोकाला आधार असतो. दाब पडला की दुसरे टोक किंचित उचलले जाते आणि पट्टी एका कडेला जाड राहते. म्हणून अरुंद असले तरी चालेल, पण दोन्ही टोकांना आधार असलेले यंत्र मी पसंत करतो. परीक्षा सोपी आहे. रुळाच्या दोन टोकांखालून दोन पट्ट्या एकदमच घालाव्या आणि बाहेर आल्यावर मोजाव्या. फरक पडला तर मेज समतल करून घ्यावे. होत नसेल तर ते यंत्र दुकानातच राहू द्यावे.

वापरतानाही घाई उपयोगी नाही. एका फेरीत मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहून फार काढू नये, नाहीतर वेळू तापून करपतो आणि काचकागदाची धार भरून जाते. साठ नंबरचा कागद पुरेसा. चिकटवायच्या अंगाला आरशासारखे गुळगुळीत करण्याचे कारण नाही. शेवटची फेरी माप न बदलता दोनदा द्यावी. जाडी टोकाकडे उतरती करावयाची तर पाचरीसारखी घडविलेली लाकडी फळी पट्टीखाली ठेवून दोन्ही बरोबर पुढे सोडावी. हाताने माल सारावयाचे यंत्र असेल तर तो रुळाच्या फिरण्याच्या उलट दिशेनेच सारावा आणि पकड सोडू नये. उलटून आलेली पट्टी पोटात बसते. वेळूत वाळूचा अंश असतो, त्याची धूळ छातीला वाईट. तेव्हा धूळ ओढणारे यंत्र आणि तोंडाला फडके यांवाचून काम करू नये.

एवढे सगळे केले तरी यंत्राला गाठ दिसत नाही. त्याला आकडा तेवढा समजतो. म्हाताऱ्याचा चाकू तंतूच्या मागे जात होता. रूळ तंतू वळला तरी सरळच जातो आणि गाठीपाशी त्याला छेदतो. म्हणून मी पट्ट्या रचताना एकीची गाठ दुसरीच्या गाठीवर येणार नाही अशी मांडतो, पाठीची पट्टी सालीकडून नुसता मेणचटपणा जाईल इतकीच खरवडतो, आणि सरस वाळल्यावर धनुष्य भिंतीवरच्या खुंटीला अडकवून दोरी हळूहळू ओढीत त्याचा बाक पाहतो. मग पुन्हा चाकू. यंत्र जेथे थांबते तेथे पोडावरची विद्या सुरू होते.

म्हणूनच यंत्राने हातकला मारली, ही नेहमीची तक्रार येथे मला लागू करवत नाही. यंत्र वऱ्हाडात पोचण्याच्या कितीतरी आधी कायद्याने त्या हाताचे काम काढून घेतले होते. स्वातंत्र्यानंतर १९५९ च्या हत्यार कायद्याने जुना कायदा मोडीत काढला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, आणि उरलेली जनावरे पाहता ती बंद राहिलेलीच बरी. २००६ च्या वनहक्क कायद्याने वेळूला गौण वनोपज मानून त्यावर वनवासी लोकांचा हक्क मान्य केला. २०१७ मध्ये १९२७ च्या व्याख्येतून वेळू वगळण्यात आला आणि रानाबाहेरचा, शेताच्या बांधावरचा वेळू पुन्हा गवत झाला. एकशे एकोणचाळीस वर्षांनी! राष्ट्रीय स्पर्धांत वेळूच्या धनुष्याचा स्वतंत्र विभाग आहे. राजस्थानचा लिंबाराम वेळूच्या धनुष्यावर हात बसवूनच पुढे ऑलिंपिकपर्यंत गेला.

म्हणजे माल मोकळा झाला, यंत्र आवाक्यात आले, नेमबाजीला मैदानही आहे. कमी पडते आहे ते वाकवून पाहणारे बोट. ते ज्यांच्यापाशी आहे त्यांचे वय झाले आहे, आणि त्यांची नातवंडे आश्रमशाळांतून लोखंडी खाटांवर वाढत आहेत. अशा एखाद्या शाळेच्या कार्यशाळेत एक ड्रम सँडर बसवावा आणि त्याच्या शेजारी, शिक्षकाच्या मानाने व शिक्षकाच्या पगाराने, पोडावरचा एक म्हातारा बसवावा, असे मला फार वाटते. धनुर्वेदाचे जुने ग्रंथ वेळू शरदात तोडावा म्हणतात. पोडावरही तेच सांगतात. ती वेळ आता आलीच आहे.