कारवारात वाढवलेल्या अळ्या

१८९६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये उत्तर कानडा, म्हणजे कारवार जिल्ह्यातल्या फुलपाखरांवर एक लेखमाला सुरू झाली. शीर्षकाखाली तीन नावं होती. जेम्स डेव्हिडसन हे जिल्ह्याचे कलेक्टर, टी. आर. बेल जंगलखात्यात आणि ई. एच. एटकेन मीठ व कस्टम खात्यात. फुलपाखरं बघण्याचा पगार तिघांपैकी कोणालाच मिळत नव्हता. पण गोव्याच्या खालच्या या पट्ट्यात कोणतं फुलपाखरू कोणत्या झाडावर जन्माला येतं, त्याची अळी कशी दिसते, कोष कुठे टांगलेला असतो, हे एवढ्या बारकाईने लिहून ठेवलं ते या तिघांनी.

मी सावंतवाडीत वनस्पतिशास्त्र शिकवलं. मुंबईच्या एका ग्रंथालयात ती लेखमाला वाचायला घेतली, तेव्हा मला फुलपाखरांच्या आधी झाडंच दिसली. लॅटिन नावांआडून आमच्या परसातला कढीपत्ता, बांधावरची रुई, ओहोळाकाठचा करंज डोकावत होता. फुलपाखरांच्या पुस्तकात एवढी झाडं असावीत, याचा मला फार आनंद झाला. आणि या तिघांचं मोठेपण नेमकं तिथेच आहे, असं मी आजही मानते.

त्या काळी फुलपाखरांचा अभ्यास म्हणजे मुख्यतः जाळी, टाचणी आणि पेटी. मेलेलं फुलपाखरू लंडनला जायचं, तिथला कोणी विद्वान त्याच्या पंखांवरचे ठिपके बघून नाव द्यायचा. त्यात घोटाळे होणारच. कढीपत्त्यावर आणि लिंबावर वाढणारं कॉमन मॉर्मन हे त्याचं सर्वांत ठळक उदाहरण. लिनियसने याच्या नराला एक जात मानलं आणि मादीला दुसरी. कारण या जातीत काही माद्या नरासारख्या काळ्या-पांढऱ्या असतात, तर काही कॉमन रोझ किंवा क्रिमझन रोझ या विषारी फुलपाखरांची हुबेहूब नक्कल करतात. ही सगळी एकाच जातीची रूपं आहेत, हे आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८६५ साली मांडलं. ज्याने एकाच मादीची अंडी घरात वाढवली, त्याला मात्र वाद घालायची गरजच उरत नाही. एका फांदीवरच्या कोषांतून दोन तऱ्हेच्या माद्या त्याच्या डोळ्यांदेखत बाहेर पडू शकतात.

तीच गोष्ट ऋतूंची. भाताच्या पातीवर आणि गवतावर वाढणारं ईव्हनिंग ब्राऊन पावसाळ्यात पंखांखाली डोळ्यांसारखे ठिपके घेऊन येतं. कोरड्या दिवसांत तेच सुकलेल्या पानासारखं होतं आणि ठिपके जवळजवळ नाहीसे होतात. कलकत्त्यात लायोनेल द निसेव्हिल यांनी अळ्या वाढवून ऋतूप्रमाणे होणारे हे बदल तपासले आणि १८८६ साली छापले. कारवारची मंडळी याच वाटेने चालली होती. डेव्हिडसन आणि एटकेन यांची मुंबई इलाख्यातल्या अळ्या-कोषांवरची टिपणं १८९० मध्येच जर्नलमध्ये आली होती. बेल नंतर त्यांना येऊन मिळाले आणि शेवटी सर्वांत लांब तेच गेले.

एटकेन तर आपल्याच मातीत जन्मलेले. १८५१ साली साताऱ्यात, एका मिशनरी घरात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी लॅटिन शिकवलं आणि पुढे मिठागरांच्या नोकरीत उरण, रत्नागिरी, गोव्याची सरहद्द असे फिरले. त्यांनी एका फुलपाखराची अळी आणि कोष यांवर १८९४ साली लिहिलं, ते मला विशेष आवडतं. ही अळी झाडाचं पानच खात नाही. ती पिठ्या ढेकणांत राहते आणि त्यांनाच खाते. तिचा कोष माकडाच्या तोंडासारखा दिसतो, म्हणून त्या फुलपाखराला एपफ्लाय म्हणतात. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडला की आपण औषध फवारायला धावतो. त्याआधी पान उलटून बघावं.

अळी वाढवणं हे चिकाटीचं काम आहे. फांदी बाटलीत पाण्यात ठेवायची, वर मलमल बांधायची, रोज विष्ठा झाडायची. पानं शिळी चालत नाहीत. झाड चुकलं तर अळी उपाशी मरते, पण दुसरं पान तोंडात घेत नाही. पावसात बुरशी येते. कधी आठवडाभर जपलेल्या कोषातून फुलपाखराऐवजी गांधीलमाशीच्या जातीतली एखादी बारीक माशी निघते, कारण तिने अळीच्या अंगात आधीच अंडी घातलेली असतात. कलेक्टरच्या आणि जंगल अधिकाऱ्याच्या दौऱ्यात, मुक्काम बदलत असताना हे सांभाळणं काय असेल, याचा विचार केला की मला त्या टिपणांतल्या एकेका ओळीबद्दल आदर वाटतो.

करंजावर वाढणारं क्युरेटिस हे फुलपाखरू घ्या. त्याची हिरवी अळी शेपटीकडे दोन ताठ नळ्या बाळगते. डिवचलं की नळ्यांतून केसांचे झुबके असलेले दोन चाबूक बाहेर येऊन गरगर फिरतात आणि क्षणात आत जातात. हे पेटीत टाचलेल्या फुलपाखरावरून कधीही कळलं नसतं.

आणि तिरफळ! आमच्याकडे बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ नसेल तर जेवणारा विचारतो. त्याच काटेरी झाडाच्या पानांवर मलबार बँडेड पीकॉक वाढतं. काळ्या पंखांवर निळा-हिरवा रुंद पट्टा, फक्त सह्याद्रीच्या बाजूला सापडणारं फुलपाखरू. फळांसाठी लोकांनी राखलेली झाडं त्यालाही राखतात.

ईश्वरीच्या वेलाचं मात्र तसं नाही. सापसंदही म्हणतात तिला. जुने वैदू सर्पदंशावर हिचं मूळ उगाळून देत. प्रत्यक्षात ती मूत्रपिंडाला घातक आहे. सदर्न बर्डविंग, कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ, तिघांच्याही अळ्या तिच्यावर वाढतात, तिचं विष अंगात साठवतात आणि म्हणून पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. कंपाउंडची भिंत बांधताना, रस्त्याची कड साफ करताना हा वेल पहिल्यांदा उपटला जातो. वर्षानुवर्षं माहीत असलेल्या जागा मी अशा रिकाम्या झालेल्या पाहिल्या आहेत. फुलबाग कितीही लावा, तिथे बर्डविंग मध प्यायला येईल, अंडी घालणार नाही.

बेल १९२० मध्ये निवृत्त झाले आणि कारवारातच राहिले. मैदानी भागातल्या फुलपाखरांवरची त्यांची दीर्घ मालिका जर्नलमध्ये १९०९ पासून १९२७ पर्यंत चालली. अळीच्या पाठीवरची एकेक रेघ, मुंग्यांशी तिचं नातं, अंडं पानाच्या वर की खाली, सगळं तीत आहे. १९३७ मध्ये स्कॉट यांच्यासह लिहिलेला हॉक मॉथ या पतंगांवरचा ग्रंथ आला. १९४८ साली बेल गेले. आजही या किनाऱ्यावर खाद्यवनस्पतींची यादी करायची तर सुरुवात त्यांच्यापासून होते.

पण एक सल आहे, तो मी लपवणार नाही. १८८३ साली सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टर होते. सखाराम अर्जुन तर वनस्पतींचे जाणकार, ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे. पहिल्या पानावर आपली माणसं आहेत, आणि कारवारच्या लेखाखाली एकही नाही. जंगलातली वेल ओळखणारे, तिची स्थानिक नावं सांगणारे गवळी, कुणबी, जंगलखात्याचे शिपाई साहेबांच्या दौऱ्यांत असतच. डाळिंबाच्या बागाईतदाराने फळ पोखरणाऱ्या अळीला सुरसा हे नाव कुठलंही जर्नल न वाचता दिलं. ती एका फुलपाखराचीच अळी, आणि फळ गळून पडू नये म्हणून देठ रेशमाने बांधून ठेवते.

निवृत्तीनंतरही मी कॉलेजच्या हर्बेरियमच्या कामाला जाते. वाळवलेल्या नमुन्याच्या शीटवर झाडाचं नाव, जागा, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव लिहायची पद्धत आहे. आम्ही खाली दोन ओळी वाढवल्या आहेत: पानावर कोणती अळी होती, आणि झाड कोणी दाखवलं. दुसऱ्या ओळीत बहुतेक वेळा विद्यार्थ्यांच्या आजीचं नाव येतं, गावासकट.